शत्रूच्या कैदेतला फ्रान्सचा राजा, ज्याँ दुसरा (१३१९–१३६४): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९ सप्टेंबर १३५६ रोजी फ्रान्सचा राजा रणांगणावर जिवंत पकडला गेला. पुढची चार वर्षं तो इंग्रजांच्या ताब्यात होता. मग खंडणी ठरवून सुटला, आणि तीन वर्षांनी स्वतःच्या पायांनी पुन्हा लंडनला गेला. तिथेच वारला. त्याच्याबद्दल वाचणारे बहुतेक जण त्या शेवटच्या निर्णयापाशी अडखळतात. पण मला वाटतं, या गोष्टीत राजाइतकंच त्याच्या प्रजेकडेही पाहायला हवं. कैद राजाला झाली, तिची किंमत मात्र प्रजेने मोजली.

ज्याँ दुसरा गादीवर आला कसा?

त्याचा जन्म १३१९चा, ल मान शहरातला. तेव्हा तो राजपुत्रही नव्हता. जुन्या राजघराण्यात पुरुष वारस उरला नाही म्हणून १३२८ साली त्याचे वडील फिलिप सहावे गादीवर बसले आणि व्हालवा घराण्याची राजवट सुरू झाली. इंग्लंडचा राजा एडवर्ड तिसरा हा जुन्या फ्रेंच राजाचा मुलीकडून नातू. त्याने आईच्या बाजूने त्याच गादीवर हक्क सांगितला. पुढे शंभर वर्षांचं युद्ध म्हणून ओळखला जाणारा झगडा पेटला, त्यामागे हे एक मोठं कारण होतं.

१३३२ साली ज्याँचं लग्न लक्झेंबर्गच्या बॉनशी झालं. तिचे वडील म्हणजे बोहेमियाचे अंध राजे जॉन. ते १३४६ साली क्रेसीच्या लढाईत फ्रेंचांच्या बाजूने लढताना पडले. बॉन १३४९च्या प्लेगमध्ये गेली. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिलिप वारले आणि २६ सप्टेंबर १३५० रोजी रँसच्या कॅथेड्रलमध्ये ज्याँला राज्याभिषेक झाला. त्याच्या वाट्याला आलं होतं प्लेगने अर्धमेलं झालेलं राज्य, रिकामा खजिना आणि हातचं गेलेलं काले बंदर.

राजा म्हणून तो कसा होता?

शूर, दिलदार, पुस्तकांचा आणि चित्रांचा शौकीन. आणि तितकाच शीघ्रकोपी व संशयी. राज्याभिषेकाला दोन महिने होतात न होतात तोच त्याने राज्याचा सेनापती राऊल द ब्रिएन याला पकडून, खटला न चालवता, त्याचं डोकं उडवलं. हा राऊल १३४६ साली कानमध्ये इंग्रजांच्या हाती सापडला होता आणि स्वतःच्या खंडणीची तजवीज करायला सुट्टीवर परत आला होता. त्याने इंग्रजांशी संधान बांधल्याचा राजाला संशय होता. कारण काय ते दरबाराला नीट सांगितलंही गेलं नाही.

दुसरं प्रकरण त्याच्या जावयाचं. फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या नाव्हार राज्याचा राजा शार्ल स्वतः फ्रेंच राजवंशातला, महत्त्वाकांक्षी आणि कारस्थानी. जानेवारी १३५४ मध्ये त्याच्या माणसांनी ज्याँच्या लाडक्या सेनापतीचा, शार्ल द ला सेर्दाचा खून केला. ज्याँने आधी तह करून माफी दिली, पण मनातला राग धुमसत राहिला. ५ एप्रिल १३५६ रोजी ज्याँचा थोरला मुलगा, युवराज शार्ल, रुआँच्या किल्ल्यात जावयाला आणि नॉर्मंडीच्या सरदारांना मेजवानी देत होता. राजा चिलखत चढवून हत्यारबंद माणसांसह तिथे घुसला, भरल्या पंगतीतून जावयाला उचलून कैद केलं आणि काउंट द आर्कूरसह चौघांचा त्याच दिवशी शिरच्छेद करवला. यामुळे नॉर्मंडीतला मोठा गट उघडपणे इंग्रजांकडे वळला. पाच-साडेपाच महिन्यांवर आयुष्यातली सर्वांत मोठी लढाई येऊन ठेपली असताना राजाने आपलीच माणसं शत्रूच्या पदरात टाकली.

प्वातिएची लढाई टाळता आली असती का?

आली असती. एडवर्ड तिसऱ्याचा थोरला मुलगा, ज्याला पुढे ब्लॅक प्रिन्स म्हणू लागले, इंग्रजांच्या ताब्यातल्या बोर्दो शहरातून निघून ल्वार नदीपर्यंत गावं जाळत आणि लुटत आला होता. लुटीच्या गाड्यांनी जड झालेली ती फौज परतीच्या वाटेवर असताना ज्याँने तिला प्वातिए शहराजवळ गाठलं. रविवारचा दिवस. पोपचे दूत कार्डिनल तालिराँ घोड्यावरून दोन्ही छावण्यांत येरझाऱ्या घालत होते. इंग्रजांकडे रसद कमी होती, माणसं थकलेली होती. जिंकलेली ठाणी आणि कैदी परत देऊन सात वर्षं शस्त्र न उचलण्याची तयारी राजपुत्राने दाखवल्याचं बखरकार फ्रुआसार लिहितो. ज्याँला मात्र राजपुत्राची शरणागतीच हवी होती. नुसतं दोन-चार दिवस वेढून बसला असता, तरी उपासमारीने काम फत्ते झालं असतं, असं मला ठामपणे वाटतं.

मग तो पकडला गेला कसा?

इंग्रज सहा हजारांच्या आसपास, फ्रेंच त्याच्या दुपटीच्या घरात. पण इंग्रज कुंपणं, द्राक्षमळे आणि दलदल यांच्या आडोशाला उभे होते आणि त्यांच्याकडे लांब धनुष्यांचे तिरंदाज होते. क्रेसीला फ्रेंच घोडदळाची तिरंदाजांनी चाळण केली होती. त्यावरून धडा घेऊन ज्याँने बहुतेक सरदारांना घोड्यांवरून उतरवून पायी लढायला लावलं. भाले कापून आखूड केले. निवडक घोडेस्वारांची तुकडी तेवढी पुढे पाठवली, ती बाणांखाली मोडली. युवराजाची फळी बराच वेळ झुंजून मागे हटली, आणि ते पाहून राजाच्या भावाची, ऑर्लेआँच्या ड्यूकची फळी जवळजवळ न लढताच निघून गेली.

उरली राजाची स्वतःची फळी. ती ताज्या दमाची आणि मोठी होती. इंग्रजांचे बाण संपत आले होते, तिरंदाज पडलेल्यांच्या अंगातून बाण उपसून घेत होते. लढाई अजूनही फिरू शकली असती. तेवढ्यात गॅस्कनीचा सरदार ज्याँ द ग्राई, म्हणजेच काप्ताल द ब्युश, थोडे स्वार घेऊन टेकाडाला वळसा घालून फ्रेंचांच्या पिछाडीवर तुटून पडला आणि फळी फुटली.

राजा हातात परशू घेऊन पायी लढत होता. राज्याचं पवित्र निशाण ओरिफ्लाम धरलेला जोफ्र्वा द शार्नी त्याच्या जवळच पडला. शेजारी होता चौदा वर्षांचा धाकटा मुलगा फिलिप. ‘बाबा, उजवीकडे सांभाळा! बाबा, डावीकडे सांभाळा!’ असं तो ओरडत होता, ही आठवण फ्रान्समध्ये अजून सांगतात.

शेवटी चारही बाजूंनी ‘शरण ये, नाहीतर मरशील’ असा गलका सुरू झाला. त्यात एक जण चांगल्या फ्रेंचमध्ये बोलत होता: आर्त्वाचा देनी द मॉर्बेक. फ्रान्समधून परागंदा झालेला आणि इंग्रजांच्या चाकरीत गेलेला हा सरदार. फ्रुआसारच्या सांगण्यानुसार राजाने आधी ‘माझा चुलतभाऊ वेल्सचा राजपुत्र कुठे आहे?’ असं ब्लॅक प्रिन्सबद्दल विचारलं आणि मग उजव्या हातातला लोखंडी मोजा काढून मॉर्बेकच्या हातात दिला. त्यानंतरचा प्रकार अधिक भयंकर. एवढी मोठी शिकार कोणाची यावरून सैनिकांनी राजाची ओढाताण सुरू केली. भांडू नका, तुम्हा सगळ्यांना श्रीमंत करण्याइतका मी मोठा आहे, असं तो त्यांना विनवत होता. वॉरिकच्या अर्लने येऊन त्याला गर्दीतून सोडवलं. राजाला पकडण्याचा मान कोणाचा, हा वाद पुढेही बराच काळ रेंगाळला.

त्याचे थोरले मुलगे पळून गेले होते का?

शार्ल, लुई आणि ज्याँ या तिघांना लढाई चालू असतानाच मैदानातून बाहेर काढण्यात आलं. सगळे वारस एकदम शत्रूच्या हाती पडू नयेत, हा विचार राज्याच्या दृष्टीने शहाणपणाचा होता. पण लोकांनी तो तसा घेतला नाही. सरदारवर्गाने राजाला वाऱ्यावर सोडलं, अशी चीड गावोगाव उसळली आणि युवराजाला पुढे बरीच वर्षं तिची झळ सोसावी लागली.

कैदेत त्याचे हाल झाले का?

अजिबात नाही. लढाईच्या रात्रीच राजपुत्राने त्याला आपल्या तंबूत जेवायला बसवलं आणि स्वतः उभं राहून वाढलं. हिवाळा बोर्दोत गेला. मे १३५७ मध्ये तो लंडनमध्ये शिरला तेव्हा मिरवणूक निघाली होती. राजा उंच पांढऱ्या घोड्यावर, आणि जिंकलेला राजपुत्र शेजारी लहानशा काळ्या घोड्यावर. थेम्सकाठच्या सॅव्हॉय राजवाड्यात त्याची सोय झाली. विंडसरला तो शिकारीला जाई. १३५८ साली सेंट जॉर्जच्या सणाला एडवर्डने तिथे भरवलेल्या थाटाच्या स्पर्धाही त्याने पाहिल्या.

त्याच्या खर्चाच्या वह्या टिकून आहेत आणि त्या वाचताना हा माणूस कैदी आहे हे विसरायला होतं. घोडे, कपडे, पुस्तकं, बुद्धिबळ, वाद्यं. पदरी विदूषक होता, ज्योतिषी होता, वाजंत्री होते. जिरार द ऑर्लेआँ हा चित्रकारही त्याच्यासोबत इंग्लंडमध्ये होता.

वाटाघाटी फिसकटल्या तसा पहारा कडक झाला. आधी हर्टफर्डचा किल्ला, मग लिंकनशरमधला सोमर्टनचा. मार्च १३६० मध्ये फ्रेंच जहाजांनी विंचेल्सीवर छापा घातला. त्यामागे राजाला सोडवण्याचाही बेत होता. त्या सुमारास त्याला टॉवर ऑफ लंडनमध्ये हलवलं. पण अंगावर साखळदंड कधीच नव्हते.

इंग्रजांकडे त्या वेळी दुसराही एक राजा कैद होता, हे खरं का?

खरं. स्कॉटलंडचा डेव्हिड दुसरा १३४६ साली नेव्हिल्स क्रॉसच्या लढाईत सापडला होता. ज्याँ लंडनला पोहोचला तेव्हा तोही इंग्रजांच्याच ताब्यात होता. ऑक्टोबर १३५७ मध्ये एक लाख मार्कची खंडणी ठरवून तो सुटला.

राजा नसताना फ्रान्समध्ये काय झालं?

या प्रश्नाचं उत्तर राजाच्या चरित्रांत अनेकदा दोन ओळींत उरकलेलं दिसतं. माझ्या मते तोच या कथेचा गाभा आहे.

कारभार अठरा वर्षांच्या युवराज शार्लवर आला. पैशासाठी त्याने एता-जनेरो, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि शहरं यांच्या प्रतिनिधींची सभा बोलावली. पॅरिसच्या व्यापाऱ्यांचा प्रमुख एतिएन मार्सेल तिथे उभा राहिला आणि हिशेब मागू लागला. मार्च १३५७ मध्ये सभेने युवराजाकडून मोठा हुकूमनामा काढून घेतला: भ्रष्ट अधिकाऱ्यांना हटवा, नाण्यातली धातू कमी करणं थांबवा, करवसुलीवर सभेची देखरेख ठेवा. या मागण्या रास्तच होत्या. कैदेतल्या राजाने मात्र कर भरू नका, सभाही भरवू नका, असा हुकूम बोर्दोहून पाठवला. तह होत आला असताना त्याची आता गरज नाही, असं त्याचं म्हणणं.

मग सगळं चिघळत गेलं. नाव्हारचा शार्ल तुरुंगातून सुटून पॅरिसमध्ये आला. २२ फेब्रुवारी १३५८ रोजी मार्सेलने जमाव घेऊन राजवाड्यात घुसून युवराजाच्या डोळ्यांदेखत त्याच्या दोन मार्शलांना ठार मारलं. नंतर पॅरिसच्या लाल-निळ्या रंगाची आपली टोपी युवराजाच्या डोक्यावर चढवली. युवराज शहर सोडून गेला, आणि ३१ जुलैला मार्सेललाच पॅरिसकरांनी मारून टाकलं.

खेड्यांची अवस्था त्याहून वाईट होती. युद्धबंदी होऊन बिनपगारी झालेल्या सैनिकांच्या टोळ्या गावांकडून खंडणी उकळत होत्या. पकडल्या गेलेल्या सरदारांच्या सुटकेचे पैसेही कुळांच्याच अंगावर पडत होते. मे १३५८च्या अखेरीस पॅरिसच्या उत्तरेला शेतकरी पेटून उठले, सरदारांच्या गढ्या जाळल्या, माणसं मारली. हा उठाव ‘जाकरी’ म्हणून ओळखला जातो. जेमतेम दोन आठवडे टिकला. नाव्हारच्या शार्लने त्यांच्या पुढाऱ्याला, गियोम कालला बोलणी करायला बोलावून पकडलं आणि नंतर ठार केलं. पाठोपाठ सरदारांनी गावंच्या गावं कापून काढली. याच दिवसांत मो शहराच्या तटबंदीत अडकलेल्या युवराजाच्या बायकोला बंडखोरांपासून वाचवायला धावून आला तो काप्ताल द ब्युश, प्वातिएला फ्रेंचांच्या पाठीत घुसलेला तोच. सरदार सरदाराला शत्रुपक्षातला असला तरी आपला मानत होता, पण स्वतःच्या देशातल्या शेतकऱ्याला नाही.

आणि तरीही कॉम्पिएन्यजवळच्या लाँगय गावच्या शेतकऱ्यांनी १३५९ साली आपली गढी इंग्रजांविरुद्ध स्वतःच लढवली. त्यांच्यातला ‘ग्राँ फेरे’ नावाचा आडदांड गडी कुऱ्हाडीने लढला. लढून तापलेल्या अंगाने गार पाणी प्यायला आणि तापाने अंथरुणाला खिळला, असं एका समकालीन साधूने लिहून ठेवलंय. त्याच काळात राजा लिंकनशरमध्ये होता.

युवराजालाच राजा करून मोकळे का झाले नाहीत?

राज्याभिषेकाच्या वेळी पवित्र तेल लावलेला राजा जिवंत असताना दुसरा राजा करणं त्या समाजाच्या कल्पनेतच बसत नव्हतं. शिवाय प्रतिस्पर्धी हजर होतेच: एडवर्ड आणि नाव्हारचा शार्ल, दोघांचेही गादीवर दावे. ज्याँला बाजूला सारलं असतं, तर त्या दाव्यांना दार उघडं झालं असतं. म्हणून युवराजाने मार्च १३५८ मध्ये ‘रीजंट’, म्हणजे राजाच्या वतीने कारभार पाहणारा, एवढाच किताब घेतला.

खंडणी किती ठरली?

पहिल्या बोलण्यांत ४० लाख एक्यू, म्हणजे फ्रेंच सोन्याची नाणी. मार्च १३५९ मध्ये ज्याँने लंडनमध्ये असा तह मान्य केला की पैशांशिवाय जवळजवळ अर्धं राज्य, नॉर्मंडीपासून खाली पिरेनीजपर्यंतचा पश्चिम किनारा, इंग्रजांना गेला असता. पॅरिसमध्ये सभेपुढे तो वाचला गेला आणि सभेने तो साफ फेटाळला. राजाच्या सुटकेसाठी देश विकायला नकार देणारी ती माणसं मला ज्याँपेक्षा मोठी वाटतात.

चिडून एडवर्ड फौज घेऊन आला. रँसला वेढा घातला, पण शहर पडलं नाही. १३ एप्रिल १३६०च्या सोमवारी शार्त्रजवळ गारांच्या भयानक वादळात त्याची माणसं आणि घोडे मेले. ८ मे रोजी ब्रेतिन्यीचा तह झाला आणि ऑक्टोबरमध्ये काले इथे त्यावर शिक्कामोर्तब झालं. खंडणी ३० लाख एक्यू. त्यातले ६ लाख सुटकेच्या वेळी, बाकीचे दरवर्षी ४ लाखांप्रमाणे. शिवाय ॲक्विटेनचा विस्तीर्ण प्रदेश, प्वातू, लिमूझँ, काले हे सगळं इंग्रजांना. राजपुत्र, सरदार आणि मोठ्या शहरांतले व्यापारी ओलीस म्हणून द्यायचे. तहातल्या दराने ३० लाख एक्यू म्हणजे ५ लाख इंग्लिश पौंड, किंवा ११ टनांहून जास्त सोनं.

एवढा पैसा आणला कुठून?

पहिल्या हप्त्यासाठी स्वतःची मुलगी देऊन. बारा वर्षांच्या इझाबेलचं लग्न मिलानच्या व्हिस्कोंती घराण्यातल्या, तिच्याहून लहान जियान गालेआत्सोशी लावलं आणि त्या घराण्याने त्यासाठी ६ लाख फ्लोरिन मोजायचं कबूल केलं. राजकन्येचा सौदा केला म्हणून त्या काळीही लोक हळहळले. तरीही सुटकेच्या वेळी ६ ऐवजी ४ लाखच जमले होते.

५ डिसेंबर १३६० रोजी कॉम्पिएन्यला निघालेल्या हुकमाने दोन गोष्टी झाल्या. एक, सोन्याचं नवं नाणं: फ्रँक. त्यावर चिलखत घालून, तलवार उगारून घोडा फेकणारा राजा. दुसरी गोष्ट जास्त टिकली: मिठावर कर, दारूवर कर, विकल्या जाणाऱ्या बाकीच्या मालावर विसावा हिस्सा. राजाच्या खंडणीसाठी वर्गणी द्यायची हा जुना रिवाज होता, त्यामुळे सभेची परवानगी वेगळी मागावी लागली नाही. फ्रान्समध्ये शांततेच्या काळातही वर्षानुवर्षं चालणारे कर इथून रुजले. मिठावरचा तो ‘गाबेल’ तर थेट फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत लोकांच्या मानेवर बसला. हकालपट्टी केलेल्या ज्यूंनाही पैसे घेऊन परत येऊ दिलं.

जानेवारी १३६१ मध्ये कवी पेत्रार्क मिलानचा दूत म्हणून राजाचं अभिनंदन करायला पॅरिसला आला. वाटेत जळालेली गावं पाहून, हाच का तो देश असं त्याला झालं होतं.

सुटल्यानंतर तो परत लंडनला का गेला?

ओलिसांत त्याचा दुसरा मुलगा लुई होता. घरी परतण्यासाठी ओलीस राजपुत्रांनी एडवर्डशी वेगळा करार केला, त्यामुळे त्यांना कालेमध्ये ठेवून थोडी मोकळीक मिळाली. लुईचं लग्न नुकतंच झालेलं. १३६३च्या शरदात तो बायकोला भेटायला म्हणून बाहेर पडला आणि परतलाच नाही. वडिलांनी समजावलं, भावाने विनवलं. ऐकलं नाही.

मुलाने शब्द मोडला, तर बापाने तो पाळावा, म्हणून ज्याँ जानेवारी १३६४ मध्ये समुद्र ओलांडून गेला असं सांगितलं जातं. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही; दिलेला शब्द त्याच्यासाठी जिवापेक्षा मोठा होता. पण इतरही कारणं होती. हप्ते थकले होते, त्याबद्दल एडवर्डशी समोरासमोर बोलायचं होतं. ॲव्हिन्याँला पोपसमोर त्याने धर्मयुद्धाची शपथ घेतली होती, त्यासाठी इंग्लंडची साथ हवी होती. मौजमजेसाठी गेला असंही तेव्हा कुणी लिहिलं. मला शब्दाचं कारण पटतं, आणि त्याचाच राग येतो. एडवर्डला दिलेला शब्द पाळायला तो समुद्रापार गेला. पण राज्याभिषेकाच्या वेळी प्रजेच्या रक्षणाची शपथही त्यानेच घेतली होती, आणि १३६२ साली ब्रिन्ये इथे लुटारू टोळ्यांनी राजाची फौज धुळीला मिळवली, त्याच वर्षी तो पोपकडे निघाला.

त्याचा मृत्यू कसा झाला?

लंडनमध्ये त्याचं जंगी स्वागत झालं. थोड्याच आठवड्यांत तो आजारी पडला आणि ८ एप्रिल १३६४ रोजी सॅव्हॉय राजवाड्यात वारला. पंचेचाळिशीही गाठली नव्हती. एडवर्डने सेंट पॉल्समध्ये मोठा प्रार्थनाविधी केला आणि पार्थिव मानाने परत पाठवलं. पॅरिसजवळच्या साँ-दनीमध्ये त्याचं दफन झालं. त्याचं लाकडी फळीवरचं चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. एकाच माणसाचं स्वतंत्र व्यक्तिचित्र म्हणून फ्रान्समध्ये टिकलेलं हे सर्वांत जुनं मानतात. सॅव्हॉय राजवाडा १३८१ साली इंग्लंडच्या बंडखोर शेतकऱ्यांनी जाळला. आज त्या जागी सॅव्हॉय हॉटेल आहे.

बापाशेजारी लढलेल्या फिलिपचं पुढे काय झालं?

बापाने त्याला १३६३ साली बर्गंडीची जहागीर दिली. प्वातिएच्या दिवसाचं हे बक्षीस. त्याच्या वंशजांनी फ्रान्सच्या गादीला आव्हान देण्याइतकी सत्ता उभी केली आणि त्याचा नातू तर इंग्रजांशी हातमिळवणी करून बसला.

खंडणी शेवटी पूर्ण फेडली गेली का? ओलिसांचं काय झालं?

नाही. युवराज आता शार्ल पाचवा झाला होता. तो बापासारखा रणशूर नव्हता, पण हिशेबी आणि चिकाटीचा होता. हप्ते जमतील तसे देत राहिला आणि त्याच करांतून फौज व किल्ले सावरत राहिला. ओलिसांपैकी कुणी परदेशातच वारले, कुणी सुट्टीवर येऊन परतले नाहीत, तर आंगेराँ द कूसीने १३६५ साली एडवर्डच्या मुलीशी, इझाबेलाशी लग्न केलं आणि सुटला. १३६८ साली ॲक्विटेनच्या सरदारांनी ब्लॅक प्रिन्सच्या करांविरुद्ध पॅरिसकडे दाद मागितली. शार्लने ती ऐकली, राजपुत्राला फ्रेंच न्यायालयापुढे हजर व्हायला सांगितलं आणि १३६९ साली युद्ध पुन्हा सुरू झालं. बापाच्या सुटकेसाठी बसवलेले कर आता त्याच्या युद्धाला लागले, आणि इंग्लंडकडे जाणारे हप्ते बंद झाले.